दूध न काढणाऱ्या म्हशींचा देश

निलंगा
रविवार दुपार (दुकान बंद, अप्पा घोरत आहेत)

तीर्थस्वरूप सिंधुआत्या यांच्या पायी अंबिकेचे शरणु शरणार्थ.

तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना कट्‌कन वाजायचा, तो आवाज थांबला का? बसवंतमामांची साखर आटोक्यात आहे ना, का अजूनही दवाखान्यातून येताना कोपऱ्यावरच्या गाड्यावर इमरती खाऊनच घरी येतात? (मला ठाऊक आहे. तुमच्याकडं राहत होते तेव्हा त्यातली अर्धी मला मिळायची, म्हणून बोलले नाही.) इकडं आई बरी आहे, ऊन लई आहे, आणि अप्पांचं काय ते पुढं येईलच.

फोन सोडून पत्र का लिहितेय म्हणाल, तर तुमचा फोन स्पीकरवर असतो. मागच्या महिन्यात मी तुम्हाला या नोकरीबद्दल नुसतं कुजबुजले, आणि संध्याकाळी तुमच्या शेजारच्या महामायाकाकूंनी आईला फोन करून विचारलं की पोरगी कुणासंगं पळून चाललीय. तेव्हा हे पत्र मनातल्या मनात वाचा. मामांना वाचून दाखवायचं तर दार लावून.

बातमी अशी की मला नोकरी लागली. व्हिएतनाममध्ये, लहान पोरांना इंग्रजी शिकवायची. (मामांना नकाशा काढायला सांगा. थायलंड सापडलं की उजवीकडं सरकत राहायचं, समुद्रात पडायच्या आधी थांबायचं.) हे कसं घडलं ते मुळापासून सांगते, कारण घरात प्रत्येक जण वेगळं सांगून राहिलाय, आणि अप्पांच्या सांगण्यात तर मी जवळजवळ नाहीच.

तुमच्याकडं नांदेडला राहून एम.ए. इंग्लिश केलं तेव्हा मला वाटलं होतं, आता कॉलेजं माझी वाट बघत असतील. कॉलेजं वाट बघत होती, पण तासिका तत्त्वावर, आणि त्या तासिकाही कुणाच्या ना कुणाच्या साडूच्या सुनेला आधीच दिलेल्या. अशात माझी वर्गमैत्रीण तनुजा, भोकरची, तुमच्या हातच्या शेंगदाण्याच्या चार पोळ्या खाऊन गेलेली, तिनं एक जाहिरात पाठवली. परदेशात इंग्रजी शिकवा, पदवी पुरे, अनुभव नको. मला आधी हसू आलं. निलंग्याच्या पोरीकडून कोण इंग्रजी शिकेल? पण मग दोन दिवस दुसरं काही सुचेना. तिकडच्या पोरांना इंग्रजी आपल्यासारखंच अवघड जात असेल का? ती डब्यात काय नेत असतील? शिक्षकांना टोपणनावं ठेवत असतील का, आणि मला काय ठेवतील? आत्या, खरं सांगते, पगार किती ते मी नंतर बघितलं. आधी हे प्रश्नच येत राहिले.

जाहिराती बघायला लागले तर निम्म्यांत अट, नेटिव्ह स्पीकर पाहिजे. मी जेवताना हे वाचून दाखवलं. अप्पा म्हणाले, नेटिव्ह म्हणजे मूळ रहिवासीच ना, तहसीलचा दाखला हाय की आपल्याकडं, लाव त्याला. मी सांगितलं की नेटिव्ह म्हणजे ज्याची आईच इंग्रजी बोलते असा माणूस. त्यावर आईनं भाकरी थापता थापता, दुखावलेल्या आवाजात, माझ्यामुळं तुझी नोकरी गेली म्हण की, असं म्हटलं आणि मला वाढलेली आमटी परत पातेल्यात ओतली. (ती थंड झाली म्हणून ओतली असं तिचं म्हणणं. पण मला ठाऊक आहे.)

मग मी लातूरला एका एजंटकडं गेले. रविकिरण नाव. शिकवण्यांच्या पाट्यांच्या गर्दीत त्याचंही ऑफिस, भिंतीवर जगाचा नकाशा आणि त्यात टाचण्या. मी म्हटलं, मला परदेशात शिकवायला जायचंय. त्यानं विचारलं, नीटला किती मार्क? मी म्हटलं, शिकायला न्हाई, शिकवायला. तो म्हणाला, बरं, मग बारावीला किती? मी म्हटलं, माझं एम.ए. झालंय. तो हळहळला. म्हणाला, ताई, एवढं वय कामून वाया घालवलं, तरी हरकत न्हाई, किर्गिझस्तानात अजून सीट हाय. त्याच्या दुकानातून लातूरची अर्धी पोरं डॉक्टर व्हायला गेलेली. शिकवायला कुणी परदेशी जातं हे त्याच्या डोक्यात शिरेचना. निघताना त्यानं मला डॉक्टरकीचं माहितीपत्रक दिलंच, आणि ते बघून आई आठवडाभर गल्लीत सांगत होती की अंबिका डॉक्टर होणार.

तेव्हा तनुजा म्हणाली, एजंट सोड, थेट अर्ज कर, फक्त शिकवण्याचा एक ऑनलाइन कोर्स करून घे. तो कोर्स केला. आत्या, मला धक्काच बसला. त्यांचं म्हणणं, शिकवणाऱ्यानं कमी बोलायचं आणि शिकणाऱ्यानं जास्त! आमच्या विद्यापीठात दोन वर्षं उलटंच चाललं होतं, आणि तेही मराठीतून. (आमचे एक सर इंग्रजी कविता इतक्या सुंदर मराठीत समजावून द्यायचे की परीक्षेत मूळ कविता बघून आम्ही बिचकलो.) कोर्समध्ये सांगितलं की हातवारे करा, उड्या मारा, बेडूक शिकवायचा तर बेडूक व्हा. मी माडीवर बेडकाचा सराव करत होते तर आई मीठ-मिरच्या घेऊन वर आली. तिला वाटलं अंगात आलं. तिनं उतरवून टाकेपर्यंत मी बेडूक होऊन तशीच बसून राहिले, कारण मधे उठलं की म्हणे उलटतं.

पहिली मुलाखत एका दुसऱ्याच देशातल्या गृहस्थांनी घेतली, फोनवर व्हिडिओ लावून. ते म्हणाले, समजा मी चार वर्षांचा आहे, मला ॲपल शिकवा. मी शिकवलं. ॲपल हे सामान्य नाम आहे, एकवचनी आहे, स्वराने सुरू होतं म्हणून त्याच्या आधी ॲन येतं. सगळं इंग्रजीत, न अडखळता. ते म्हणाले, आय ॲम फोर. मग विचारलं, तुमचे उच्चार कुठले? मी खरं ते सांगितलं, बरेचसे निलंग्याचे, थोडे नांदेडचे. त्यांचा पुन्हा फोन आला नाही.

दुसरी मुलाखत व्हिएतनामची. हनोईपासून काही तासांवर एक लहान गाव आहे, तिथं 'हॅपी बर्ड' नावाचं शिकवणी केंद्र. ते चालवणाऱ्या बाईंचं नाव लान. (एवढंच. आडनाव आधी लावतात तिकडं, मला अजून नीट म्हणता येत नाही.) त्या आल्या, बोलल्या, हसल्या आणि म्हणाल्या की पुढच्या खेपेला खरे विद्यार्थी बसवून पंधरा मिनिटं शिकवून दाखव, अगदी एबीसीपासून सुरुवात असलेले.

इथं अप्पांना सांगणं भाग पडलं. तोपर्यंत त्यांना वाटत होतं की हे पोरीचं मोबाइलवरचं खूळ आहे. मी सांगितलं. अप्पा म्हणाले, न्हाई. मग थोड्या वेळानं म्हणाले, तिथं कोण हाय आपलं? ताप आला तर पेज कोण करून दील? मी उठून ताटं उचलायला लागले, आणि अप्पांना वाटलं विषय संपला. दुसऱ्या दिवशी त्यांना कळलं की संपला नाही. तेव्हापासून त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. समोर बसलेली असले तरी आईला म्हणायचे, तिला म्हणावं मीठ दे. आई म्हणायची, त्यांना म्हणतात मीठ पाहिजे. तुम्ही तुमच्या भावाला ओळखता. पेंडीच्या भावावरून एका अडत्याशी त्यांचं असंच बिनसलं होतं, तो माणूस बोलणी सुरू व्हायच्या आधीच वारला.

मी गल्लीतली चार पोरं ठरवून ठेवली, चॉकलेटच्या बोलीवर. जागा ठरवली आपल्या पेंडीच्या दुकानामागची गोदामाची खोली, कारण तिथं रेंज चांगली येते आणि सरकीच्या पोत्यांमुळं रस्त्यावरचा आवाज आत येत नाही. ठरल्या वेळी लानबाई पडद्यावर आल्या. पोरं आली नाहीत. उन्हाळा लागला म्हणून त्याच दिवसापासून शाळा सकाळची झाली होती, आणि इंग्रजीच्या होऊ घातलेल्या आंतरराष्ट्रीय शिक्षिकेला हे ठाऊक नव्हतं. मी लानबाईंना सांगितलं, पोरं शाळेत गेली. त्या म्हणाल्या, चांगली सवय आहे. मग विचारलं, घरात दुसरं कुणी नाही का, ज्याला इंग्रजी येत नाही?

आत्या, गल्ल्यावर अप्पा बसले होते. कपाळावर विभूती, सकाळची पूजा नुकतीच झालेली, न बोलण्याचा व्रतस्थ चेहरा. मी पुढं गेले आणि म्हटलं, अप्पा, पंधरा मिनिटं विद्यार्थी म्हणून बसा, नाहीतर माझं सगळं गेलं. ते माझ्याकडं न बघता भिंतीवरच्या कॅलेंडरला म्हणाले, गिऱ्हाईक सोडून? मग पडद्यावरच्या बाई हात जोडून नमस्कार करताना त्यांना दारातून दिसल्या. (त्यांनी तो कुठून शिकला कोण जाणे.) पाहुण्या बाईनं नमस्कार केल्यावर अप्पा बसून राहतील हे शक्य नव्हतं. ते आले आणि पोत्यावर टेकले.

धडा होता 'कॅन यू'चा. मी हात मारून पोहण्याची नक्कल केली आणि विचारलं, "कॅन यू स्विम?" मी चौथीत गॅदरिंगला नाचले तेव्हा बघितलं होतं, तसंच अप्पा माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांना उमगलं.

"यस," ते म्हणाले. आणि लगेच मला, "तेरणेचा पूर पोहून गेलोय मी. सांग त्या बाईला!"

मी म्हटलं, मराठी नको. पण त्या दिवसांत ते पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलले होते. मग भाकरी थापल्याची नक्कल करून विचारलं, कॅन यू कुक? अप्पा ताठ होऊन म्हणाले, नो. भिंतीपलीकडच्या स्वयंपाकघरातून आई ओरडली, चहा बी येत न्हाई. मग मी दोन्ही हात पसरले, पंख मारले, सरकीची धूळ उडाली, आणि विचारलं, "कॅन यू फ्लाय?"

अप्पांनी अंगावरची धूळ झटकली. आधी माझ्याकडं बघितलं, मग फोनकडं, मग परत माझ्याकडं. म्हणाले, "नो." आणि बोट माझ्याकडं करून, "यू. यू फ्लाय."

(हे त्यांनी जाणून म्हटलं का चुकून, ते मी अजून विचारलेलं नाही. विचारलं तर चुकून म्हणतील, म्हणून विचारत नाही.)

एवढ्यात बाहेर ग्यानोबा आला. आपल्या दुकानाचं जुनं गिऱ्हाईक, माळावरचा, दोन म्हशी आहेत त्याच्या. "मालक, पेंड द्या, एसटी जातीय," म्हणत तो थेट आत शिरला. अप्पांना काय झालं कुणास ठाऊक. गिऱ्हाईकाला पेंड द्यायची सोडून त्यांनी त्याला अडवलं आणि विचारलं, "ग्यानोबा, कॅन यू स्विम?"

ग्यानोबा म्हणाला, "पेंड महागली का?"

अप्पांनी दोन्ही हातांनी पोहून दाखवलं. ग्यानोबा म्हणाला, मालक, तब्येत बरी हाय ना? मग त्याला पडद्यातल्या बाई दिसल्या, मी दिसले, आणि प्रकार कळल्यावर तो असा काही खुलला की विचारू नका. कॅन यू फ्लायला जोरात नो, कॅन यू कुकला त्याहून जोरात यस. (बायको माहेरी गेली की स्वतः करतो म्हणे.) मी बाजूला झाले. लानबाई काहीतरी लिहून घेत होत्या. मग अप्पांनी, मी न शिकवता, स्वतःचं वाक्य तयार केलं. दोन्ही मुठींनी हवेत धारा काढत त्यांनी ग्यानोबाला विचारलं, "कॅन यू... म्हैस?"

लानबाईंनी विचारलं, हे काय? मी सांगितलं, म्हशीचं दूध काढणं. त्या टाळी वाजवून म्हणाल्या, आमच्याकडंही म्हशी आहेत, माझे वडील पाळतात, पण आम्ही त्यांचं दूध काढत नाही.

हे मी मराठीत सांगितलं. ग्यानोबानं हातातली पिशवी खाली ठेवली.

"म्हशी हायत," अप्पा एकेक शब्द तोलत म्हणाले, "आन् दूध काढत न्हाईत?"

"मंग सांभाळत्यात कशाला?" ग्यानोबा.

लानबाई म्हणाल्या, भाताच्या चिखलात नांगराला. आणखीही एक-दोन कारणं त्यांनी सांगितली, ती मी सांगितली नाहीत. (अनुवादाच्या मर्यादा हा आम्हाला एम.ए.ला पूर्ण पेपर होता.) त्यानंतर मुलाखत माझ्या हातात राहिली नाही. शिंगं कशी, खायला काय घालतात, सरकी मिळती का तिथं, रेडकू सगळंच दूध पितं का, पिऊन त्याला ढाळ लागत न्हाईत का. लानबाईंनी वडिलांचा म्हशीसोबतचा फोटो दाखवला. अप्पा आणि ग्यानोबा एका फोनवर डोकं टेकून बघत होते. कास बगा, ग्यानोबा म्हणाला, वापरच न्हाई हो बिचारीचा. त्याची एसटी गेली. पंधरा मिनिटांचा जवळजवळ तास झाला. फोन बंद करून मी पोत्यावर बसले आणि मनात म्हटलं, गेली नोकरी म्हशीच्या पाठीवर बसून.

दोन दिवसांनी लानबाईंचा मेल आला. त्यांनी लिहिलं होतं की आजवर जितक्यांनी धडा घेऊन दाखवला त्या सगळ्यांत शिक्षकच बोलत राहिले. तुझ्या वर्गात शिक्षकाला बोलायला मिळालंच नाही, असं आम्ही पहिल्यांदा बघितलं. शिवाय ज्येष्ठ विद्यार्थ्यांना नमस्कार सांग. वर्षाचा करार, केंद्राच्या वरच्याच मजल्यावर राहायला खोली.

मेल वाचून दाखवला तेव्हा अप्पा मिशीला हात लावून बाहेर गेले. संध्याकाळी आले आणि थेट मला म्हणाले, ती बाई बरी हाय, तिच्या बापाकडं एकूण म्हशी किती? मीठ आता ते स्वतः मागतात. दुकानात आलेल्या प्रत्येकाला सांगतात की असा एक मुलूख हाय. उदगीरहून मला बघायला आलेल्या लोकांनाही त्यांनी चहाबरोबर हेच सांगितलं, आणि ते लोक चहा अर्धा टाकून गेले. आईला बरंच वाटलं, कारण मुलगा तिला आधीपासून पसंत नव्हता.

असं सगळं आहे. मला भीती वाटते का? वाटते. पण त्याहून जास्त बघायचंय की तिथली पोरं कॅन यू फ्लायला काय उत्तर देतात. मामांना नमस्कार, इमरती बेतानं. तुमची माया आहेच, ती तशीच राहू द्या.

तुमची,
अंबिका

ता. क. – विद्यापीठातून माझं पदवी प्रमाणपत्र तेवढं घेऊन ठेवा. खिडकीतला माणूस उद्या या म्हणेल. तिथंच उभं राहायचं.

ता. क. २ – आता पत्राचं खरं कारण. अप्पांनी पासपोर्टला अर्ज केलाय. स्वतःच्या! मला सोडायला येतो म्हणतात. हैदराबादच्या पलीकडं कधी न गेलेला माणूस. चौकशीला आलेल्या पोलिसानं विचारलं, परदेशी काय काम, तर म्हणाले, म्हशी. रोज सकाळी पूजेनंतर 'हाऊ मच मिल्क' म्हणायचा सराव चालतो. लानबाईंनी कळवलंय, वडिलांचं स्वागत आहे, म्हणजे तोही रस्ता बंद. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी बापाला घेऊन वर्गात शिरायचं का? ते जगात फक्त तुम्हाला भितात. तुम्ही निलंग्याला या आणि एवढंच म्हणा, मलप्पा, गप दुकानात बस.

ता. क. ३ – फार जोरात म्हणू नका. म्हणजे अडवा, पण पुरतं अडवू नका. नव्या जागी पहिले दोन-चार दिवस शेजारच्या खोलीत कुणी घोरत असलं तर मला चालेल. हे त्यांना सांगायचं नाही. पाकीट त्यांच्याच हाती टपालात टाकायला द्यावं लागणार आहे, म्हणून डिंक दुप्पट लावलाय.

अक्का, शरणार्थ. डिंक कच्चा निघाला. मी मलप्पा.

पोरीनं लिवलंय ते सगळं खरं न्हाई. ग्यानोबाला स्विम मी शिकवलं, तिनं न्हाई. आन् मी तिच्याशी बोलत नव्हतो हे बी खोटं, तीच ऐकत नव्हती.

तिला वाटतंय मी म्हशी बघाया चाललोय. वाटू दे. म्हशी तर बघंनच. पण ती खोली एकदा डोळ्यानं बघायची हाय, आतून कडी हाय का न्हाई. नसली तर हितनं पितळेची कडी घेऊन ठेवलीय, चांगली जाड. फक्त स्क्रूडायवर विमानात नेऊ देत न्हाईत म्हणत्यात. बसवंतरावांच्या वळखीचा कुणी विमानतळावर हाय का ते इचारून ठेव. आन् तू निलंग्याला ये, पण मला अडवायला नगं. तू बी अर्ज भर.